वन्संनी अभ्रे बदलले

खोलीत पाऊल टाकल्याबरोबर, पाठीवरची सॅक उतरवायच्याही आधी, वन्संनी खाटा मोजल्या.

"आठ," त्या म्हणाल्या. "त्याही एकावर एक. वरच्याला भोवळ आली तर खाली उतरवायचा कसा?"

"वन्सं, हे हॉस्पिटल नाही, प्रवाशांचं हॉस्टेल आहे," वहिनी मागून म्हणाल्या. त्या अजून दारातच होत्या. सॅक त्यांच्यापेक्षा रुंद होती आणि दार सॅकपेक्षा अरुंद. पुढं जावं तर सॅक अडत होती, मागं यावं तर जिना होता.

"ते दिसतंच आहे. हॉस्पिटल असतं तर चादरींची ही दशा नसती. तिरकी हो. तिरकी! बाळंतपणाला आलेल्या बायकासुद्धा तुझ्यापेक्षा पटकन आत येतात."

वहिनी तिरक्या झाल्या आणि सॅकसकट खोलीत पडल्या. परक्या देशातल्या खोलीतलं त्यांचं पहिलं पाऊल असं पालथं पडलं.

वन्सं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची धाकटी बहीण. वयानं त्या वहिनींपेक्षा लहान, पण नात्यानं नणंद. त्यामुळं वहिनींनी त्यांना अहो-जाहो करायचं आणि वन्संनी वहिनींना अगं-तुगं. लग्नाच्या दिवशी लागलेलं हे वळण नवरा गेल्यावरही मोडलं नव्हतं. वन्संनी लग्न केलं नाही. साऱ्या जन्माची नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलात काढली आणि वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर होऊन निवृत्त झाल्या. त्यांच्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा चपलांचा आवाज न करता चालत.

वहिनींचा जन्म घरात गेला. आजवर त्या गावाला गेल्या त्या कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या दुखण्याला, नाहीतर मयताला. नुसतं बघायला म्हणून कुठं जातात, हे त्यांनी ऐकलं होतं, केलं नव्हतं. म्हणून निवृत्त झालेल्या वन्सं दोन सॅका घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि "चल" म्हणाल्या, तेव्हा "कुणाला काय झालं?" हाच प्रश्न वहिनींच्या तोंडून निघाला.

मुलाला हे अजिबात पसंत नव्हतं. तो एका कचेरीत साहेब होता आणि घरी येताना साहेबपण तिथंच ठेवून यायला विसरत असे. त्यानं पुष्कळ समजावलं, थोडा रुसला, शेवटी एक अट घातली. "पहिल्या रात्री तुमच्या झोपायच्या वेळेला मी फोन करीन. आमच्याकडं तेव्हा पहाट असेल. चेहरा दिसतो तसला फोन. तू उचलायचास, मला खोली दाखवायचीस, खाट दाखवायचीस. सगळं जागच्या जागी दिसलं तर पुढं खुशाल हिंडा. जरा गडबड दिसली, की सकाळच्या विमानानं परत. कबूल?"

"कबूल," वहिनी म्हणाल्या होत्या.

कबूल न करून सांगतात कुणाला? दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरातून समुद्राकडं जाणारी आगगाडी होती. तिची तिकिटं वन्संनी काढून ठेवली होती. त्या गाडीत खिडकीशी बसायचं, आणि सबंध वाटेत कुणालाही डबा वाढायचा नाही, एवढीच वहिनींच्या मनातली इच्छा होती. एवढ्यासाठी त्यांनी कुठलीही अट मान्य केली असती.

म्हणजे आता फोन येईपर्यंत सगळं जागच्या जागी असायला हवं होतं. तसं ते होतंही. विमान वेळेवर उतरलं होतं. पत्ता सापडला होता. खाली काउंटरवरच्या हिरव्या केसांच्या मुलीनं हसून वरचा मजला दाखवला होता. वन्सं तिच्याशी सरळ मराठीत बोलल्या. त्यांचं म्हणणं असं, की आवाजात जरब असली की भाषा कुठलीही चालते. आणि चालली. मुलीनं न सांगता त्यांना खालच्या खाटा दिल्या.

खोलीत आणखी एकच माणूस होता. कोपऱ्यातल्या वरच्या खाटेवरून त्याचे पाय बाहेर आले होते. दंडावर वाघ गोंदलेला, मान बैलाची, डोक्यावर एक केस नाही. वन्संनी त्याला वर-खाली न्याहाळलं आणि "पैलवान" असं नाव देऊन टाकलं. पैलवान दोघींकडं बघून लाजल्यासारखा हसला आणि टॉवेल घेऊन बाहेर गेला.

"मीही अंघोळ करून घेते," वहिनी म्हणाल्या. "फोनवर जरा बरी दिसेन."

जाण्याआधी त्यांनी एक काम केलं. ते काम त्या जन्मभर करत आल्या होत्या, आणि ते करताना कुणी बघत नाही ना, हे आधी बघत आल्या होत्या. घरातली कपाटं नवऱ्याची, मग मुलाची, मग सुनेची झाली. वहिनींची म्हणून एकच जागा उरली होती, उशीचा अभ्रा. काही जपायचं असलं की ते त्यात जायचं. कानातलं असो, औषधाची गोळी असो, सुनेनं गुपचूप दिलेली नोट असो. उशी आणि अभ्रा यांच्यामधे सारलं, वर डोकं ठेवलं, की राजाच्या तिजोरीला हेवा वाटावा. वन्सं पाठमोऱ्या सॅक उपसत होत्या. वहिनींनी कमरेचा कापडी बटवा सोडला. त्यात दोघींचे पासपोर्ट, सकाळची तिकिटं आणि फोन होता. बटवा अभ्र्यात सारला, उशी थोपटली आणि त्या अंघोळीला गेल्या.

अंघोळीची कथा वेगळीच. नळाला दांडा एकच. तो डावीकडं केला की बर्फ, उजवीकडं केला की विस्तव. मधे माणसाला सोसेल असं काही त्या देशात ठेवलेलंच नव्हतं. पण वहिनी हटल्या नाहीत. बर्फ आणि विस्तव आलटून-पालटून घेत त्यांनी डोक्यावरूनही अंघोळ केली आणि लाल होऊन, गाऊन घालून परत आल्या.

खोली ओळखू येत नव्हती. आठही खाटांवर चादरी अशा ताणलेल्या, की वर नाणं टाकलं तर उडावं. उशा एका रेषेत. पांघरुणांच्या घड्या एका मापाच्या. मधोमध कमरेवर हात देऊन वन्सं उभ्या, आणि चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी वॉर्डातलं तेज.

"बाहेर फडताळात धुतलेल्या चादरींची चळत होती," वन्संनी माहिती दिली. "ज्यानं त्यानं घ्यायच्या असणार. कुणी घेत नाही, आळशी मेले. मी अनोळखी अभ्र्यावर डोकं ठेवत नाही, तुला ठाऊकच आहे. हात लागलाच होता, म्हणून सगळ्या वॉर्डाच्या बदलल्या."

वहिनी उशीजवळ गेल्या. हात आत घातला. अजून आत घातला. कोपरापर्यंत घातला.

"वन्सं."

"हं."

"माझी उशी?"

"ही काय समोर."

"आतलं काय झालं?"

"आत कापूस असतो. तो आहे."

"माझा जुना अभ्रा कुठंय?"

"टाकला."

"कुठं टाकला?"

वन्संनी बाहेर बोट दाखवलं. बोळात भिंतीला पत्र्याची एक झडप होती. "मळके कपडे त्यातून थेट खाली जातात. छान सोय आहे. आमच्याकडं मी किती वर्षं मागत होते, दिली नाही."

वहिनी खाटेवर बसल्या. ताणलेली चादर चुरगळली, तेही वन्संनी पाहिलं.

"त्यात बटवा होता."

"कसला बटवा?"

"पासपोर्टांचा. तिकिटांचा. फोनचा."

वन्संनी उशी उचलून दाबून पाहिली.

"उशीत?" वन्संनी विचारलं.

"उशीत."

"वहिनी, माणसं पासपोर्ट उशीत ठेवतात?"

"आणि माणसं दुसऱ्याच्या उशा सोलतात?"

"दुसऱ्याच्या? मी तुझी नणंद आहे!"

"म्हणून तर सोलल्या!"

असं उत्तर वहिनींनी उभ्या आयुष्यात वन्संना दिलं नव्हतं. दोघी दचकल्या. पहिल्यांदा वन्सं सावरल्या.

"जरा जड लागला होता खरा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, परदेशातलं कापड, जाड असेल."

"हाताला लागलंही नाही?"

"हात लावत नाहीत. दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा, अभ्रा आपोआप उलटतो आणि सगळं आतल्या आत गुंडाळलं जातं. मळक्याला हात लावला की रोग पसरतात. नव्या मुलींना हेच तर शिकवत होते. माझं काही चुकलेलं नाही."

"माझंही नाही."

"मग ठीक आहे. कुणाचंच चुकलेलं नाही. आता काढायचा कसा ते बोल."

दोघी बोळात आल्या. वन्संनी झडप उघडली. आत काळोख, आणि खालून गरम वाफेचा आणि साबणाचा वास. वहिनींनी मुंडकं आत घातलं. वन्संनी त्यांचा गाऊन मागून धरला. तेवढ्यात खोलीतून असा आवाज आला, जणू म्हशीला काटा टोचला.

पैलवान परत आला होता. तो आपल्या उशीवर दोन्ही हात आपटत होता, अभ्रा ओढत होता, सोडत होता. दोघींना पाहिल्यावर तो त्याच्या भाषेत बरंच बोलला. मग दोन तळवे जोडून त्यानं तोंडापुढं चोच केली, कोपरांचे पंख केले आणि पाय वाकडे टाकत खोलीभर चालून दाखवलं.

"वेड लागलं की काय याला?" वन्सं म्हणाल्या.

"बदक," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"त्याच्या अभ्र्यावर बदकं होती. घरून आणलेला अभ्रा होता, वन्सं. त्याच्याशिवाय झोप येत नसेल बिचाऱ्याला. डोळे बघा कसे भरलेत."

वन्संनी आठवून पाहिलं. "होती खरी बदकं. पिवळी. मला वाटलं, कुणा लेकराचा राहिलाय."

"आता तुम्हीच सांगा त्याला."

वन्संनी पैलवानाच्या दंडावरच्या वाघावर हात ठेवला, दुसऱ्या हातानं झडप दाखवली आणि मराठीत म्हणाल्या, "खाली गेलाय. मिळेल. रडायचं नाही. चल." पैलवान नाक पुसून मुकाट्यानं मागं निघाला.

जिन्याच्या अर्ध्यावर असतानाच वहिनी थबकल्या. भिंतीच्या आतून, खूप खालून, फोन वाजत होता.

"त्याचा!" त्या म्हणाल्या. "वन्सं, त्याचा फोन आला!"

"पळ!"

त्या वयात आणि त्या गाऊनात जेवढं पळता येतं तेवढ्या वहिनी पळाल्या. फोन वाज वाज वाजला आणि तळमजल्याला पोचेपर्यंत थांबला. काउंटरवर हिरवे केस नव्हते. एक पाटी लटकत होती, म्हणजे मुलगी जेवायला गेली होती. वाट बघत बसायला वेळ कुणाला होता? काउंटरच्या मागं खाली जाणारा जिना होता, जिन्याखाली लोखंडी दार आणि दारावर लाल अक्षरांत काहीतरी मोठं लिहिलेलं.

"मनाई असेल," वहिनी म्हणाल्या.

"लाल अक्षरं बाहेरच्या लोकांसाठी असतात. मी स्टाफ आहे."

"तुम्ही रिटायर झालात!"

"माणूस नोकरीतून रिटायर होतो, स्टाफमधून होत नाही." आणि वन्संनी दार ढकललं.

आत लाँड्री होती. भिंतीशी मोठमोठी यंत्रं धुणं घुसळत होती आणि मधे चादरींचा डोंगर होता. तिघं आत शिरली आणि मागं लोखंडी दार धाडकन लागलं. पैलवानानं वळून ते ओढलं, पण आतून मूठच नव्हती. जिथं मूठ असावी तिथं नुसता गुळगुळीत पत्रा. पैलवानानं दोन धक्के दिले. वाघ फुगला, दार हललं नाही.

"असू दे," वन्सं म्हणाल्या. "आधी शोधा. बाहेर जायचं नंतर बघू."

सगळ्या इमारतीचे मळके कपडे उपसायला तिघं बसली. वन्संनी हातांना उशांचे अभ्रे बांधून घेतले. पैलवान चादरी झटकत होता. वहिनी प्रत्येक अभ्रा उलटा करून बघत होत्या, आणि प्रत्येक रिकाम्या अभ्र्याबरोबर समुद्राची आगगाडी एकेक स्टेशन लांब जात होती. एकदम पैलवान ओरडला. त्याच्या हातात बदकं होती. त्यानं अभ्रा छातीशी धरला, मग गालाला लावला, मग वन्संच्या हाताचा मुका घेतला.

"पुरे, पुरे," वन्सं म्हणाल्या. "आमचा शोध आता."

पण डोंगर संपला तरी बटवा मिळाला नाही. पलीकडं एक लोखंडी शटर खाली ओढून बंद केलेलं दिसत होतं, आणि त्याच्यापाशी ढकलगाडीच्या चाकांच्या ओल्या खुणा.

"एक खेप बाहेर गेलीय," वन्सं म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा बसला होता.

त्याच वेळी फोन पुन्हा वाजला. आता तो बाहेरून वाजत होता. वर, छताच्या लगत एक गजांची खिडकी होती. पैलवानानं कपड्यांच्या टोपल्या पालथ्या करून रचल्या आणि दोघींना वर चढवलं. खिडकी बाहेरच्या रस्त्याला अगदी जमिनीच्या पातळीवर होती. गजांतून दिसत होतं ते एवढंच: एका गाडीची मागची चाकं, चादरींची बोचकी, आणि दोन मोठे बूट.

बुटांचा मालक लाँड्रीवाला असणार. तो बोचक्यांत हात घालून वाजणारी वस्तू शोधत होता. बटवा सापडला. बटव्यातून फोन निघाला. लाँड्रीवाल्यानं तो उलटसुलट पाहिला आणि भल्या माणसासारखा उचलला.

"आई, कुठं होतीस? मघाशी का नाही..." मुलाचा आवाज रस्त्यावर घुमला आणि तुटला. "कोण तू?"

लाँड्रीवाला गोड आवाजात त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला.

"माझी आई कुठंय? आई! व्हेअर इज आई?"

लाँड्रीवाल्याला वाटलं, फोन कुठं सापडला ते विचारतोय. त्यानं फोन फिरवून गाडीच्या आतला भाग दाखवला. आत पांढऱ्या कापडात बांधलेली लांबट बोचकी ओळीनं निजलेली होती.

मुलाच्या तोंडून जे निघालं त्याला कुठल्याच भाषेत अक्षर नाही.

"अरे, मी इथं आहे!" वहिनी गजांतून ओरडल्या. "घाबरू नकोस! मी इथं आहे, खाली!"

"आई? आवाज कुठून येतोय? खाली म्हणजे कुठं?"

"जमिनीखाली!"

"जमिनीखाली?"

"वहिनी, नीट सांग," वन्सं कुजबुजल्या. "तो तिकडं आडवा होईल."

जमीन बोलते आहे हे ऐकून लाँड्रीवाला टुणकन उडाला. मग तो वाकला, गुडघ्यावर बसला आणि खिडकीत डोकावला. हातातला फोनही आपोआप डोकावला. आणि मुलाला, अटीप्रमाणे, आईची खोली दिसली.

गज. गजांमागं ओले केस विस्कटलेली, लालबुंद आई. तिच्याशेजारी हातांना फडकी गुंडाळलेली आत्या, नाक दोन गजांच्या मधे. आणि दोघींच्या मागं वाघ गोंदलेला एक टकला राक्षस, डोळ्यांत पाणी.

"आई! तुरुंगात टाकलं तुला?"

"तुरुंग नाही रे, तळघर आहे."

"तळघरात कोंडलंय?"

"कुणी नाही कोंडलं. आम्हीच आत आलो, दार मागून लागलं."

"आणि हा कोण?"

"हा पैलवान. फार चांगला आहे. त्याची बदकं हरवली होती."

वन्संनी तेवढ्यात तोंड घातलं. "अरे, त्याचं काय आहे, इकडं लाँड्री बघण्यासारखी असते. सगळे पाहुणे आधी खाली येऊन..."

"वन्सं, थापा नकोत," वहिनी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी गज धरले. "ऐक रे. पासपोर्ट हरवले होते, ते सापडले. त्या माणसाच्या हातात आहेत. दार लागलंय, ते कुणीतरी उघडेल. आम्ही धडधाकट आहोत. झालं एवढं झालं."

"बस्स," मुलगा म्हणाला. साहेबाचा आवाज लागला होता. "मला कळलं काय ते. सकाळचं विमान. दोघींनी सामान बांधायचं. मी तिकिटं काढतो."

"काढू नकोस. मी येत नाही."

"आई, ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं."

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता," वहिनी म्हणाल्या. "मोडला."

वन्संनी गजांतून नाक काढून वहिनींकडं पाहिलं.

"मोडला म्हणजे?"

"मोडला म्हणजे मोडला. सगळ्यांना दिलेले शब्द आजवर पाळले मी. तुझ्या आजीला दिलेला, तुझ्या बाबांना दिलेला, तुला दिलेले तर मोजलेच नाहीत. एक मोडून बघते. काय होतं ते मलाही कळू दे. उद्या समुद्राची गाडी आहे आणि मी खिडकीत बसणार आहे."

"आणि उद्या पुन्हा असं काही झालं तर?"

"होईलच. घरात काय कमी होतं? पण तिथं झालं की मी एकटी निस्तरते. इथं आम्ही तिघं आहोत." पैलवानाला काय समजलं कोण जाणे, त्यानं मान डोलावली.

लाँड्रीवाल्याचे गुडघे दुखायला लागले असावेत. त्यानं बैठक बदलली, फोन जरा कलला, आणि वहिनींना मुलाचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला. त्याच्या अंगात नुसता बनियन होता. मागं सोफ्याच्या जागी लोखंडी कठडा दिसत होता.

"तू कुठं बसलायस?" त्यांनी विचारलं.

"कुठं म्हणजे? घरी."

"आपल्या घरात कठडा कधीपासून आला?"

"ते सोड आई. विषय तुझा चाललाय."

तेवढ्यात त्याच्यामागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, दूध इथंच ठेवू का पायरीवर?"

"ठेवा," मुलगा दात-ओठ खात म्हणाला.

आणि मग सूनबाईचा आवाज आला. हसू दाबून दाबून तो पार पिळवटला होता. "सांगून टाका की आईंना."

"तू गप्प बस."

"मीच सांगते. आई, तुम्ही पहिला फोन उचलला नाहीत ना, तर हे तसेच उठून बाहेर धावले. वरच्या मजल्यावरच्या काकांना उठवायला. त्यांचा कुणी मेव्हणा म्हणे परदेशात पोलिसात आहे. मी यांना थांबवायला मागोमाग आले, आणि वाऱ्यानं दार लागलं. मघापासून आम्ही जिन्यात बसलोय. फिरायला जाणारे सगळे 'गुड मॉर्निंग, साहेब' करून गेले."

वन्संना ठसका लागला. पैलवानानं त्यांच्या पाठीवर थोपटलं.

"म्हणजे बघ," वन्सं दम घेत म्हणाल्या, "आम्ही परक्या गावात आत अडकलो, आणि तुम्ही आपल्या गावात बाहेर. आता कुणी कुणाला परत आणायचं?"

मुलाच्या अंगातला साहेब बनियनवर फार वेळ टिकत नव्हता. तो हळूच म्हणाला, "आई, चावी आत खिळ्याला राहिलीय. दुसरी तू कुठं ठेवतेस?"

वहिनींनी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं.

"दुसरी चावी कधी केलीच नाही रे."

"एवढ्या वर्षांत?"

"मी घरात होते ना."

लाँड्रीवाल्याला भाषा समजत नव्हती, तरी त्यानं फोन जरा सरळ धरला.

"मग आता काय करू?" मुलानं विचारलं.

"कोपऱ्यावर कुलूपवाला आहे. दुकान उघडलं की त्याला घेऊन ये. तोवर बसा दोघं पायरीवर, दूध आलंच आहे. आणि दार उघडलं की आधी चाव्या करून घे. तीन कर."

"तीन कशाला?"

"एक तुला, एक सूनबाईला."

"आणि तिसरी?"

"मला," वहिनी म्हणाल्या. "मी आता येऊन-जाऊन असेन."